मारका वळू घरातून सुखरूप बाहेर काढायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगोला तालुक्यातल्या वस्तीवर राहणारं शेतकरी कुटुंब. साडेचार वर्षांचा खिल्लार वळू. वासरू असतानाच त्याची गाय मेली, म्हणून वडिलांनी बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवला. महिन्यापूर्वी गव्हाणीत कडबा टाकताना त्यानं वडिलांना भिंतीशी दाबलं, दोन बरगड्या मोडल्या. आता आईवरही शिंगं रोखतो. घरात दोन लहान मुलं आहेत. कुणी म्हणतं बाजारात उभा करा, कुणी म्हणतं देवाला सोडा, कुणी म्हणतं ठेचून (खच्ची करून) घ्या म्हणजे शांत होईल. वडील तर विकायचं नावच काढू देत नाहीत.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून एकतीस वर्षं काम केलं. आधी सरळ उत्तर देतो: हा वळू घरी ठेवू नका. एकदा माणसाला दाबून बघितलेला आणि नंतर दुसऱ्या माणसावर शिंगं रोखणारा मोठा वळू पुन्हा विश्वासाचा होत नाही. पण त्याला घालवायची घाई करताना घरातलं किंवा दुसऱ्याच्या घरातलं माणूस जायला नको. म्हणून आजपासून तो गाडीत चढेपर्यंतच्या दिवसांबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

आज संध्याकाळपासून त्याच्या शिंगांच्या टप्प्यात कुणीही जायचं नाही. वैरण टाकायलाही नाही आणि शेण काढायलाही नाही. आपल्याकडे बायामाणसांना मार लागतो तो बहुतेक वेळा शेण भरताना, कारण पाठ जनावराकडे असते आणि कंबर वाकलेली असते. पंधरा दिवस शेण तिथंच राहिलं तर काही बिघडत नाही. वरून उसाचं पाचट किंवा कडब्याचं चिपाड फेका. गोठ्याच्या मागच्या पत्र्याला गव्हाणीच्या उंचीवर खिडकी पाडून घ्या आणि वैरण बाहेरूनच आत ढकला. पाण्यासाठी प्लास्टिकची टाकी अर्धी कापून कोपऱ्यात घट्ट बसवा आणि मोटारीची नळी बाहेरून सोडा. एवढ्या कामाला एक दिवस पुरतो, आणि निम्मा धोका तिथंच संपतो.

बांधणी कशी आहे ते लांबूनच बघा. नुसत्या वेसणीवर बांधलेला असेल तर ते बांधणं नव्हे. वेसण जनावर वळवायला असते, रोखायला नसते. चिडलेला वळू नाकपुडी फाडून घेतो, आणि मग त्याला धरायला काहीच उरत नाही. ताकद म्होरकीवर (तोंडाभोवती बांधलेल्या दोरावर) आणि गळ्यातल्या साखळीवर यायला हवी, आणि दावी दोन हवीत, दोन बाजूंच्या दोन खुंट्यांना, म्हणजे त्याला कुठल्याच बाजूला झेप घेता येत नाही. पण हे करायला तुम्ही आत जाऊ नका. ते काम डॉक्टर येतील त्या दिवशी करायचं. गळ्यात लोढणं अडकवण्याचा सल्ला कुणी देईल. लोढण्यानं तो हळू पळेल एवढंच. पायाला लागत राहिलं की चिडतो मात्र जास्त.

आता डॉक्टर कशासाठी, तर पहिल्यांदा आजार नाही ना हे बघण्यासाठी. तुमच्या वर्णनावरून ही गोष्ट सवयीची वाटते, पण मी तपासल्याशिवाय कुणालाही तसं सांगत नाही. कालपर्यंत गरीब असलेलं जनावर दोन-तीन दिवसांत अंगावर यायला लागलं, आवाज बदलून डुरकायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली, तर पिसाळल्याची शंका धरायची आणि त्याच्या तोंडात हात घालायचाच नाही. ‘घशात काहीतरी अडकलंय’ म्हणून हात घालणारे शेतकरी मी बघितलेत. त्या प्रत्येकाला लसीसाठी पाठवावं लागलं. दुसरं म्हणजे शिंगाचा कर्करोग. आपल्याकडच्या लांब शिंगांच्या जनावरांत, त्यातही बैलांत, तो आढळतो. जनावर एकाच बाजूला डोकं झटकतं, शिंग खुंट्याला घासतं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं, मग शिंग मुळापासून हलायला लागतं. तिसरं कारण अगदी साधं आणि नेहमी निसटणारं: वेसणीखालच्या जखमेत पडलेल्या अळ्या. पापरीजवळच्या एका वस्तीवर ‘मारका झाला’ म्हणून मला बोलावलं होतं. खोड्यात (जनावर अडकवून धरायच्या चौकटीत) घेऊन वेसण बाजूला केली तर आत बोटाएवढं भोक आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. कुणी कासऱ्याला हात लावला की त्याच्या डोक्यात कळ जायची. जखम साफ करून वेसण काढून टाकली, आणि पंधरा दिवसांत तो बैल पुन्हा औताला चालू लागला. असं काही निघालं तर आनंदच आहे. तुमच्याकडे निघेल असं मला वाटत नाही, पण डॉक्टरांना बघू द्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवा.

मला सवयीची शंका येते ती बाटलीमुळे. लोकांना हे पटायला जड जातं. ‘मी पोटच्या पोरासारखा वाढवला, तो मला कसा मारेल?’ गाईच्या मागं, चार वासरांत वाढलेला गोऱ्हा लहानपणीच शिकतो की आपण कोण आणि आपल्यापेक्षा मोठं कोण. थोराड गाय त्याला ढुशी देते, दुसरा खोंड त्याला मागं सारतो. त्याची सगळी मारामारी जनावरांशी होते, आणि माणूस म्हणजे वेगळा प्राणी, लांबून चालणारा, हे त्याच्या डोक्यात बसतं. एकटा, माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेला गोऱ्हा माणसालाच आपला कळप समजतो. दोन-अडीच वर्षांनी अंगात रग आली की कळपातली जागा ठरवायला तो कुणाशी भिडणार? ज्याला कळप मानलं त्याच्याशीच.

मंगळवेढ्याच्या बाजूला असेच एक आजोबा होते. लहान गोऱ्हा कपाळ त्यांच्या तळव्याला टेकवायचा, ते मागं ढकलायचे, तो पुन्हा यायचा. सगळी वस्ती हसत बघायची. मला म्हणाले होते, ‘डॉक्टर, ह्यो माझा ल्योक हाय.’ चार वर्षांनी त्याच वळूनं सकाळी तोच खेळ केला. मी पोचलो तेव्हा गव्हाणीची फळी मधोमध तुटलेली, आजोबांचा पटका पाण्याच्या हौदात तरंगत होता, आणि वळू शांतपणे वाढं खात उभा होता. आजोबा बाजेवर बसून चहा पीत होते. अंगावर ओरखडा नव्हता, म्हणून दवाखान्यात जायला नाही म्हणाले. मी आग्रह करायला हवा होता तेवढा केला नाही. दुसऱ्या दिवशी पोटातल्या रक्तस्रावानं ते गेले. म्हणून सांगतो: वळूनं दाबलं किंवा शिंग लागलं, तर बाहेरून काही दिसो वा न दिसो, त्याच तासात मोठ्या दवाखान्यात न्यायचं. शिंगाची जखम वरून रुपयाएवढी दिसते आणि आत वीतभर गेलेली असते. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायचंच. तुमच्या वडिलांना बरगड्यांशिवाय पोटात दुखणं किंवा धाप लागणं असलं काही असेल, तर पुन्हा तपासून घ्या.

ठेचून घेण्याबद्दल. इथं माझी स्वतःची चूक सांगावीच लागेल. साधारण वीस वर्षांपूर्वी मोहोळ तालुक्यात पाच वर्षांच्या एका वळूचं मी चिमट्यानं खच्चीकरण केलं. त्यानं आधी गड्याला एकदा आडवं केलं होतं. घरच्यांना मी म्हणालो, ‘दोन महिन्यांत गरीब होईल.’ झालाही तसाच. डुरकणं थांबलं, वशिंड ढिलं पडलं, गाईंकडं बघेना. घरच्यांनी दोन दाव्यांचं एक दावं केलं. तिसऱ्या महिन्यात घरातली सून पाण्याची बादली घेऊन त्याच्यासमोरून गेली, आणि त्यानं तिच्या मांडीत शिंग घातलं. ती वाचली, पण आजही लंगडत चालते. लहान वयात खच्ची केलेला गोऱ्हा शांत बैल होतो, हे खरं आहे. मी तेच मोठ्या वळूला लावलं. पाचव्या वर्षापर्यंत माणसावर धावून जायची शिकलेली रीत गोळ्या ठेचून जात नाही. अंगातला माज उतरतो, डोक्यातली आठवण उतरत नाही. तुमच्या वळूचं खच्चीकरण पुढच्या एका कारणासाठी कदाचित करावं लागेल, ते खाली येतं, पण ‘मग घरीच ठेवू’ या विचारानं करू नका. आणि ते भूल देऊन, डॉक्टरांकडूनच. दगडानं ठेचायचे दिवस गेले. ती निव्वळ क्रूरता आहे, आणि करणाराही मार खातो.

शिंगं बोथट करण्याचंही तसंच. खिल्लारची शिंगं साळून आपण ती टोकदार करतो, हा आपला जुना हौसेचा भाग. मारक्या जनावराची शिंगं कधीही साळू नका. भूल दिलेली असताना टोकाचा मेलेला इंचभर भाग डॉक्टरांनी कापून घेतला, तर शिंग आत घुसणं कमी होतं. पण साडेचारशे-पाचशे किलोचं धूड भिंतीला दाबायला टोक लागत नाही.

आता ज्या वाटा वाटा नाहीत त्या पटकन सांगतो. कत्तलीसाठी देणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९७६ च्या पशू संरक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली, तेव्हापासून गाईबरोबर वळू आणि बैलही त्यात आले. त्यासाठी विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, सगळंच त्यात येतं, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. ‘विजापूरकडं देतो’ म्हणणारा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, भेटेल. कर्नाटकातही २०२१ पासून तसाच कडक कायदा लागू आहे. डॉक्टरकडून सुई देऊन मारण्याचंही काही जण विचारतात. वाचण्यापलीकडे गेलेल्या, वेदनेत असलेल्या जनावरासाठी ती सोय आहे. धडधाकट वळू मारका आहे, एवढ्या कारणावर ती होत नाही.

देवाच्या नावानं पोळ सोडणं. पूर्वी अख्खं गाव त्या पोळाला ओळखायचं, शिवारं मोकळी होती, आणि सोडलेला वळू निवडून गरीब स्वभावाचा असायचा. मारका वळू सोडला तर तो उसात बसणार आणि पहाटे शाळेला निघालेल्या पोराच्या आडवा येणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे धोकादायक जनावराबद्दल निष्काळजीपणा हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जनावर टाकून देणं प्राणी क्रूरता कायद्यातही येतं. पण कलमं बाजूला ठेवा. तुमच्या वळूनं दुसऱ्या गावात कुणाला मारलं, तर ते ओझं तुमच्या घरावर राहील.

रविवारच्या सांगोल्याच्या बाजाराबद्दल मी जरा रागानं लिहितो, कारण हे मी अनेकदा डोळ्यांनी बघितलंय. मारकं जनावर पहाटे भरपूर पाजून, वेसण आवळून, कधी गुंगीचं औषध टोचून दावणीला उभं करतात. दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवतो, बोली होते, ‘गरीब आहे, बायामाणसं बांधतात’, आणि संध्याकाळी ते जनावर कुणा अनोळखी घरी उतरतं. खोटी बोली करून धोका दुसऱ्याच्या दावणीला बांधू नका. शिवाय हजारो माणसं, पोरं आणि अनोळखी वळूंच्या गर्दीत याला उतरवणंच चूक आहे. जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या जनावर बाजाराला आणि कार्तिकीच्या पंढरपूरजवळच्या वाखरीच्या बाजारालाही हेच लागू. शर्यतीवालेही विचारायला येतील. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये शर्यतींना मान्यता दिल्यापासून खिल्लारला गिऱ्हाईक वाढलंय. माणसावर धावणारा वळू त्या गर्दीत न्यायला देऊ नका, पैसे कितीही येवोत.

उरतात दोन वाटा. पहिली, वळू पाळण्यात मुरलेला खिल्लारवाला. सांगोला, आटपाडी, जत, म्हसवड या पट्ट्यात असे लोक आहेत. त्यांच्याकडे लोखंडी कुंपणाचं आवार असतं, आत न जाता गाय लावता येते, आणि वळूला हात न लावता एका कप्प्यातून दुसऱ्यात घेता येतं. त्याला तुमच्या गोठ्यावर बोलवा, लांबून दाखवा, आणि काय घडलं ते पहिल्याच वाक्यात सांगा. तुम्ही त्याचं आवारही जाऊन बघा. पाइप साडेपाच फूट उंच आहेत का, आणि कडेला माणूस आडवा निसटेल पण वळू निसटणार नाही अशी निदान दीड वीत फट ठेवलीय का. ती फट नसेल तर त्या माणसाला वळू कळत नाही, असं मी समजतो. भाव कमी येईल, तो येऊ द्या. साध्या कागदावर लिहा: ‘हे जनावर माणसावर धावून जाते, एका माणसाला जखमी केले आहे, हे सांगून दिले.’ दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही.

दुसरी वाट गोशाळा किंवा पांजरपोळ. इथं स्पष्ट बोला. सरकारी अनुदान देशी गाईंच्या नावावर मिळतं, वळू हा त्यांना निव्वळ खर्च असतो, म्हणून दारातून परत पाठवतात. तुम्ही महिन्याची वैरण देण्याची तयारी दाखवा. खच्चीकरण लागतं ते इथं, म्हणजे तिथल्या गाई गाभण राहायला नकोत. आणि तिथं रोज झाडलोट करणाऱ्या माणसाला स्वतः भेटून सांगा, नुसतं अध्यक्षांना सांगून थांबू नका. शिंगापुढं उभा राहणारा तो आहे.

आता गाडीत चढवण्याचा दिवस. सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याचा तास हाच. डॉक्टरांना निदान पंधरा दिवस आधीच सांगून ठेवा. म्होरकी, दोन दावी, तपासणी आणि गोशाळेत द्यायचा असेल तर खच्चीकरण, हे सगळं एकाच भुलीत उरकून घ्यायचं. गावातल्या इंजेक्शनवाल्याला हे करू देऊ नका. झायलाझिन नावाचं जे औषध वापरतात, ते गाय-बैलाला घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शानं पुरतं. थोडं चुकलं की जनावर आडवं पडतं, पोट फुगतं आणि मरतं. उलट, डोळे मिटून पेंगणारा वळू अचानक आवाज झाला की उसळतो. तो पेंगतोय म्हणून जवळ जाऊ नका. आणि भूल पूर्ण उतरल्याशिवाय, खच्चीकरणाची सूज ओसरल्याशिवाय गाडीत घालायचा नाही, म्हणजे मध्ये निदान आठ-दहा दिवस जातात.

गाडी बांधाला लावा, म्हणजे मागची फळी जमिनीच्या पातळीला येते. चढ राहिलाच तर मातीच्या पोत्यांचा लांब उतार करा, उभा नको. गोठ्यापासून गाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी पाइप किंवा जाड लाकडं बांधा आणि त्यावर ताडपत्री, म्हणजे त्याला फक्त पुढचं दिसेल. गाडीच्या तळाला वाळू आणि पाचट घाला. पाय घसरला की तो घाबरतो, आणि घाबरला की मारतो. पुढं त्याच्या ओळखीची गाय चालवा. दहा माणसांच्या ओढण्यानं होत नाही ते एका गाईनं होतं. ती पुढच्या फळीमागं उभी राहिली की तो आपोआप मागं जातो.

माणसं तीनच, आणि बोलणारा एक. कासरा गाडीच्या पुढच्या गजातून काढून बाहेरच्या भक्कम खुंट्याला वेढा द्यायचा. तो एक पाऊल पुढं आला की सैल झालेला दोर ओढून घ्यायचा. कासरा हाताला कधीच गुंडाळायचा नाही. असा गुंडाळलेला हात मी बघितलाय, बोटं राहिली नव्हती. शेपूट पिळायचं नाही, ट्रॅक्टरनं ओढायचं नाही, आरडाओरड नको, मोबाइलवर चित्रीकरण करणारी पोरं नकोत. वेळ पहाटे सहाची. एप्रिल-मेमध्ये तर नऊच्या आत उतरवलेलाच हवा. त्याचं तोंड इंजिनाकडं, बांधणी दोन्ही बाजूंनी, आणि त्याच्या कप्प्यात तो एकटाच. सोबत डॉक्टरांचा वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला, विक्रीचा कागद आणि बिल्ल्याचा नंबर ठेवा. रस्त्यात कुणी अडवलं तर हीच कागदं बोलतात.

हे सगळं चालू असताना किंवा त्याआधी कधी तो समोर आलाच, तर ओळखायची खूण एकच लक्षात ठेवा. मारणारा वळू आधी आडवा उभा राहतो. मान खाली, पाठीचा कणा फुगवलेला, एक डोळा तुमच्यावर, मग पायानं माती उकरतो. आडवा झाला की तुमच्या हातात थोडे क्षण असतात. पाठ फिरवून पळू नका. तिरके मागं सरका, अंगातला सदरा किंवा टॉवेल त्याच्या तोंडासमोर भिरकावा आणि कुंपणाकडं जा. पडलात तर लोळत कडेच्या फटीतून बाहेर निघा. घरातल्या सगळ्यांनी हे एकदा मोकळ्या अंगणात करून बघा, मुलांनीसुद्धा.

गाईंची काळजी करू नका. कृत्रिम रेतनासाठी खिल्लारच्या गोठवलेल्या रेतमात्रा मिळतात, दवाखान्यात आधी सांगून ठेवा. पुढं कधी गोऱ्हा पोरका झालाच, तर बाटलीऐवजी दुसऱ्या गाईला लावायचा प्रयत्न करा, आणि तेही जमलं नाही तर निदान दोन वासरं एकत्र वाढवा. तळव्यानं कपाळ ढकलायचा खेळ मात्र कुणालाच खेळू देऊ नका.

राहिले वडील. त्यांना ‘तुमच्यामुळंच मारका झाला’ असं चुकूनही म्हणू नका. पोरकं वासरू त्यांनी जगवलं, त्या वेळी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्यासमोर आईचं बोलणं काढा. ती रोज पाणी सोडताना काय भोगते, ते बहुधा त्यांनी तिच्या तोंडून ऐकलेलं नसतं. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं पोराच्या हुज्जतीला दाद देत नाहीत, पण नातवाला शिंग लागेल या विचारानं तयार होतात. गाडी येईल त्या पहाटे ते शेवटचा हात फिरवायला आत जातो म्हणतील. जाऊ देऊ नका, पण हाकलूनही देऊ नका. आदल्या संध्याकाळी त्या नव्या खिडकीशी त्यांना बाज टाकून द्या. पुरणपोळी द्यायची असेल तर लांब काठीच्या टोकाला लावून गजांतून देऊ द्या, आणि जितका वेळ बसायचं तितका वेळ बसू द्या.